रुमालाखालचं बोट

माझ्या उजव्या हाताची करंगळी वळत नाही आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही. दवाखान्यातला तरणा डॉक्टर विचारतो, "बाबा, हे कशानं झालं?" मी सांगतो, "धंद्यात झालं." त्याला वाटतं, मी एखाद्या जिनिंगमध्ये नाहीतर उसाच्या गुऱ्हाळावर असणार. मी त्यातलं काही केलं नाही. माझं वजनाचं मशीन होतं. नाणं टाकलं की वजन सांगणारं आणि भविष्याचं तिकीट बाहेर टाकणारं. तेवढ्या धंद्यात माणूस कसा मोडतो, ते लिहून ठेवतो. मला लिहिता येतं तेवढं लिहितो. चौथीच्या वर्गात मास्तरनं हातावर छडी मोडली त्या दिवशी शाळा सुटली, ती सुटलीच.

नाव कुणाचं घेणार नाही. त्यातले बरेच मेले, पण त्यांची लेकरं त्याच बाजारात बसतात आणि मला अजून त्याच बाजारातून भाजी आणावी लागते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कंधारच्या अंगाला, ते नांदेड जिल्ह्यातच राहिलं. बाजाराचं गाव ओढ्यापलीकडं जळकोटच्या बाजूला, ते नव्या लातुरात गेलं. ओढ्याला पाणी नव्हतं, त्यामुळं जिल्हा कुठं संपतो ते दिसायचंही नाही. पावसानं पाठोपाठ दगा दिला होता. मी त्याआधी नांदेडच्या मोंढ्यात हमाल होतो. तिथल्या स्टेशनावर असलं मशीन उभं असायचं. पोती वाहून पाठ भरून आली की मी त्याच्यासमोर जाऊन बसायचो. ते नुसतं उभं राहायचं. ना वैरण, ना पाणी, ना पेरणी. लोक आपणहून येऊन त्याच्या तोंडात नाणं टाकायचे. मला वाटलं, जित्राब पाळावं तर असं.

हैदराबादेत बंद पडलेल्या टॉकीजमधलं एक मशीन भंगारवाल्याकडं आहे असं कळलं. मी माझे बैल विकले. वैरण नव्हती, तसेही ते उन्हाळा काढणार नव्हते. आमच्याकडं रीत अशी की बैल विकला तरी त्याचं दावं विकायचं नाही, घरी खुंटीला ठेवायचं, म्हणजे दावणीला पुन्हा बैल येतो. मी दावंसुद्धा देऊन टाकलं. घरी आलो तर बापानं मोकळी खुंटी उपटली आणि तिनंच मला मारलं. मी तेव्हा दोन लेकरांचा बाप होतो. अंगणात सगळ्यांदेखत मार खाल्ला, हात वर केला नाही. मार झाल्यावर बाप धापा टाकत म्हणाला, "आता त्या लोखंडाला नांगराला जुप." मी म्हणालो, "जुपतो."

मशीन माणसाएवढं उंच होतं. बिडाचं, जड. खाली उभं राहायला चौकोनी लोखंडी पाट, वर गोल काच, काचेत काटा. नाणं पडलं की आत खळ्ळ व्हायचं, काटा सुटायचा, वजनावर थांबायचा आणि खालच्या फटीतून जाड कागदाचं तिकीट पडायचं. त्यावर वजनाचा शिक्का आणि मागं एक ओळ भविष्य. जुनी तिकिटं तेलुगूत होती, ती बाजारात कुणाला वाचता येईनात. मी नांदेडच्या छापखान्यात नवी छापून घेतली. छापणारा म्हणाला, भविष्य काय टाकू? मी उभ्या उभ्या सांगत गेलो. कष्टाचं चीज होईल. शत्रूपासून सावध राहा. दूरचा प्रवास घडेल. पोटाचे विकार संभवतात. पाऊस पडेल असं एकाही तिकिटावर टाकू दिलं नाही. खोटं बोलायला माझी ना नव्हती, पण मार खायची तयारी नव्हती.

बाजाराच्या गावात एसटी थांबते तिथं एका लिंगायत वाण्याचं दुकान होतं. सगळे त्याला अप्पा म्हणायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात शिवाचं नाव आणि हातात तराजू. त्याच्या ओट्याला लागून मी मशीन उभं केलं, चार बोल्ट सिमेंटात गाडले आणि मशीनच्या कमरेला साखळी घालून कुलूप लावलं. एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला शेळ्यांचा बाजार.

पहिले काही बाजार नुसत्या मारामाऱ्या. लोक म्हणायचे, "भाऊ, यातून भाकर पडती का?" मी म्हणायचो, "आधी नाणं टाक, मंग बघ काय पडतंय." काही जण नाण्याच्या जागी वायसर, नटाखालची लोखंडी चकती, टाकायचे. आत अडकलं की मशीन गप. मग लाथा. मशीनला लाथ मारलेली मला सहन व्हायची नाही. एका पहिलवान गड्यानं लाथ मारली तेव्हा मी कुलपाच्या साखळीनं त्याला धुतलं. दुसरे लोक धंद्याच्या मुहूर्ताला नारळ फोडतात. माझ्या मुहूर्ताला त्याचं नाक फुटलं. त्यानंतर लाथा कमी झाल्या.

उन्हाळ्यात पाट तव्यासारखा तापायचा. लोक अनवाणी. पाय टेकला की उड्या मारायचे आणि काटा नाचायचा. शिंपडायला पाणी कुठलं? मी पाटावर बारदान टाकलं आणि काटा तेवढ्यानं मागं सरकवून घेतला. बायका चढायच्या, तिकीट हातात धरून विचारायच्या, "हे लई हाय का कमी हाय?" काय सांगणार? त्या सालात सगळेच कमी होते.

आता शेळ्यांच्या बाजाराचं सांगतो, कारण खरी कुऱ्हाड तिथून आली.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल आपल्या आणि विकणाऱ्याच्या हातावर टाकतो आणि खाली बोटं धरतो. इतकी बोटं म्हणजे इतका भाव. वरून दोघांची तोंडं गप. बाजूच्याला कळत नाही की शेजारच्याची शेळी कितीला गेली. दुष्काळात सगळे शेळ्या घेऊन आलेले. दलाल रुमालाखाली दोन बोटं दाबायचा आणि कानात म्हणायचा, "निस्ती हाडं हायत. घरी नेलीस तर वाटंतच मरंल." माणूस देऊन टाकायचा. त्याच शेळ्या ट्रकात भरून हैदराबादेला जायच्या आणि तिथं काट्यावर विकल्या जायच्या. हिकडं नजरेनं घ्यायच्या, तिकडं किलोनं विकायच्या. सगळी कमाई या दोन्हीच्या मधल्या फरकाची.

या दलालांचा म्होरक्या म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. पांढरंफेक धोतर, घडीचा रुमाल, आवाज कधी चढायचा नाही. भेटले की मी पाया पडायचो. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे आमच्यात देवाखालोखाल. त्याच्यावर हात उगारणं सोडा, नजर वर करून बोलायचं नाही. आक्काच्या दंडावर, गालावर कधी काळंनिळं दिसायचं. ती म्हणायची, "उंबऱ्यावर पडले रे." त्यांच्या घराला उंबराच नव्हता. मला ठाऊक होतं, तरी मी पाया पडायचो. तशी रीत होती.

एका बाजारी एक म्हातारी काळी शेळी घेऊन आली. दाजींनी तिच्या हातावर रुमाल टाकला. तिनं हात झटकन काढून घेतला, शेळीची दोरी ओढत माझ्याकडं आली आणि शेळी उचलून छातीशी धरून सरळ मशीनवर चढली.

मी म्हणालो, "ए माय, उतर. जित्राब चढवायचं न्हाई."

"मी बी जित्राबच हाय. मला चढवतूस की."

"शेळीचं भविष्य न्हाई निघत यातून."

"तिचं भविष्य मला ठावं हाय. तू वजन दाव."

तिनं नाणं टाकलं. तिकीट पडलं. मग शेळी माझ्या अंगावर लोटून ती एकटी चढली, दुसरं नाणं टाकलं, दुसरं तिकीट. दोन्ही तिकिटं घेऊन ओट्यावर अप्पापुढं गेली. "अप्पा, यातून हे काढ."

अप्पा लिंगायत, मटणाच्या धंद्याचा वारासुद्धा घ्यायचा नाही. तो म्हणाला, "मी जित्राबाच्या येव्हारात पडत न्हाई."

"येव्हार कोण म्हणलं? वजाबाकी कर."

अप्पानं वजाबाकी केली. आकडा मोठ्यानं सांगितला. तिकडून हैदराबादेच्या ट्रकचा ड्रायव्हर चहा पीत होता, तो हसत म्हणाला, "अरे, ये तो अच्छी बकरी है." म्हातारी तशीच दाजींपुढं गेली, दोन्ही तिकिटं त्यांच्या रुमालावर ठेवली आणि म्हणाली, "आता बोटं धर." बाजार हसला. दाजी पण हसले. त्यांनी तिला तिचा भाव दिला. पण जाताना माझ्याकडं एकदा बघितलं.

पुढच्या बाजाराला माझ्यापुढं शेळ्यांची रांग. बोकडं शिंगं मारायची, बारदानावर लेंड्या, माणसं एकमेकांच्या अंगावर. एक बोकड काचेत स्वतःला बघून धडक द्यायला गेलं. एका शेतकऱ्याचा आणि दलालाचा तिकिटावरून दंगा झाला, दलालानं त्याच्या तोंडात तिकीट कोंबलं आणि म्हणाला, "खा तुझं वजन." त्यानं दलालाच्या हाताचा चावा घेतला. रक्त, शेळ्यांचं ओरडणं, धूळ. आणि सगळ्यांच्या मधी माझं मशीन खळ्ळ, खळ्ळ करून राहिलं होतं. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी दाजी आले. बाजाराचा दिवस नव्हता. अप्पाच्या ओट्यावर बसले. मी पाया पडलो. अप्पानं चहा दिला.

दाजी म्हणाले, "मशीन चांगलं हाय. पर हितं नको. लातूरला ने. आता जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, लोक लई. साहेब लोकांची पोटं सुटलेली असत्यात, त्यांना वजन लागतं. हितल्या लोकांना कशाला?"

"इचार करतो, दाजी."

"इचार न्हाई. पुढच्या बाजाराच्या आत."

"मंग न्हाई."

दाजी हसले. खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि खाली माझी बोटं धरली. रुमालावर अलगद आपला चहाचा कप ठेवला. मला वाटलं, मशीनचा भाव करून राहिलेत. त्यांनी आधी माझी तर्जनी दाबली, सोडली. मधलं बोट दाबलं, सोडलं. मग करंगळी धरली आणि उलटी वळवायला लागले. हळूहळू. तोंडावर हसू तसंच. अप्पा समोर बसून गूळ फोडत होता, एसटीतून लोक उतरत होते, त्यांना दिसत होते दोन पाहुणे भाव करत बसलेले. "नेतूस का?" दाजी हळूच म्हणाले. मी म्हणालो, "न्हाई." हाड मोडल्याचा आवाज मला आतून आला, बाहेर कुणाला आला नाही. रुमालावरचा कप हललासुद्धा नाही. दाजींनी कप उचलला, राहिलेला चहा प्याले, रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "सौदा न्हाई झाला आपला." गेले.

मी तिथंच बसलो. अप्पानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "भाव पटला न्हाई."

बाजाराच्या दिवशी ते आले. दाजी नव्हते, त्यांचे गडी होते. घण आणि पहारी. मी मशीनला मिठी मारून उभा राहिलो. एकानं मला कानशिलात दगड मारला. कानात एक लांब शिट्टी वाजली, ती काही दिवसांनी थांबली आणि तिच्याबरोबर सगळंच थांबलं. मी साखळी फिरवली, दोघांना लागली, एकाचा दात माझ्या सदऱ्यावर पडला. मग त्यांनी मला पालथा पाडला आणि माझ्या पाठीवर उभं राहून मशीनवर घण घातले. काच फुटली. नाण्याचं खोकं फुटलं. शेळ्या दोऱ्या तोडून पळाल्या, एक करडू पायाखाली मेलं. पत्र्यावर घण पडला की आवाज माझ्या बरगड्यांत यायचा.

पोलिसात गेलो. जमादारानं विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. "ते नांदेडात. तिकडं जा." तिकडं गेलो तर, "मारामारी कुठं झाली? ते लातुरात. तिकडं जा." मी कोरड्या ओढ्यातून मोडकं बोट धरून दोन्हीकडं हिंडलो. मग गप घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर मशीन पडलेलं नाही. बिड तडकलं होतं, तिकिटांची पेटी चेपली होती, पण बोल्ट धरून होते. मी पाटावर पाय ठेवला. काटा हलला. नाणं न टाकता. घणानं नाण्याची कळच तोडली होती. काटा आता मोकळा होता. जो चढेल त्याचं वजन, फुकट, आणि काच नसल्यामुळं लांबून सगळ्यांना दिसणारं.

मला हसू आलं. हसताना बरगड्या दुखल्या. दाजींच्या माणसांनी माझा धंदा मोडला, आणि स्वतःचाही. पुढच्या बाजाराला रांग दुप्पट. मला त्यातून एक नाणं मिळत नव्हतं. घरात बायको रोज म्हणायची, "दुरुस्त करा, नाहीतर भंगारात घाला. लेकरांना काय काटा खायला घालू?" मी दुरुस्त केलं नाही. जाऊन नुसता बाजूला बसायचो, हाताला फडकं बांधून, दाजींना दिसेल असा.

मग दाजींनी वर्मावर घाव घातला. एका सकाळी ओढ्यातून आक्का आली. डोक्यावर गाठोडं, ओठ फुटलेला, हनुवटीला रक्त वाळलेलं. अंगणात गाठोडं टाकून म्हणाली, "भाऊ मशीन हलवंल त्या दिवशी ये म्हणलेत."

बायको माझ्याकडं वळून म्हणाली, "लोखंड मोठं का बहीण मोठी?"

मी पाना घेतला आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं ऐकायला निघालो होतो. मशीनपाशी बसलो, पहिला बोल्ट सोडवायला घेतला. डाव्या हातानं पाना फिरत नव्हता, उजव्यात जोर नव्हता. मागून आक्का चालत आली.

"काय करून राहिलास?"

"हलवतो. तू घरी जा तुझ्या."

"पाना खाली ठेव."

"आक्का..."

"ठेव म्हणते ना! हे हललं की मला जावं लागंल. गेले की ह्या बारीला मरंन मी. हे हितं हाय तवर मला तिकडं न जायला कारण हाय. दुसरं काय हाय माझ्याजवळ?"

मी पाना खाली ठेवला. तेव्हापासून मशीन माझं राहिलं नाही. माझ्यापुरता तो हट्ट होता. तिच्यापुरता जीव होता.

ती बारदान अंथरून मशीनच्या पायथ्याला बसायला लागली. मांडीवर विळा. शेळ्या चढवायची, उतरवायची, आकडा ओरडून सांगायची. लोक कौतुकानं तिला बोरं, शेंगा, कुणी भाकरीचं पीठ देऊन जायचे. दाजींचे गडी लांबून बघायचे आणि परत फिरायचे. मालकाच्या बायकोवर घण कोण उचलणार? आणि दलाल लोक मागून बोलायला लागले. ती काळ्या शेळीवाली म्हातारी तर तोंडावर म्हणायची, "दलालसाहेब, सगळ्या बाजाराची शेळी वळखता, घरची वळखता आली न्हाई."

शेवटी दाजी स्वतः आले. भरल्या बाजारात, पांढरंफेक धोतर, खांद्यावर रुमाल. मी उठलो आणि पाया पडलो. हो, तेव्हासुद्धा पडलो. दाजींनी माझ्याकडं हात पुढं केला आणि रुमाल टाकला. "ये. आज पटंल भाव. तुला मशीनचं मिळंल, हिला घरी नेतो."

माझी करंगळी आपोआप मुठीत गेली. मी हात दिला नाही.

आक्का उठली. तिनं रुमाल त्यांच्या हातावरून ओढला आणि मशीनच्या पाटावर टाकून त्यावर पाय ठेवला. "हात वर धरा. तोंडानं बोला, सगळ्यांदेखत. मला कशाला न्यायला आलाव ते सांगा. आन नेऊन काय करणार ते बी सांगा."

शेळ्याच तेवढ्या ओरडत होत्या. दाजींच्या तोंडावरचं हसू पहिल्यांदा गेलेलं बघितलं. त्यांनी हात मागं नेला आणि तिच्या तोंडात मारली. तिचं डोकं बिडाच्या खांबावर आदळलं. ठण्ण असा आवाज आला, घणासारखाच.

मी विचार केला नाही. विचार करायला लागलो असतो तर दाजी आहेत हे आठवलं असतं. मशीन फुटल्यापासून त्याची साखळी माझ्याच कमरेला असायची, टोकाला कुलूप. ती मी डाव्या हातानं काढली आणि एकदाच फिरवली. कुलूप त्यांच्या जबड्यावर बसलं. ते मागं गेले, पाय रुमालात अडकला आणि आडवे मशीनवर पडले, पाठ पाटावर, डोकं बाहेर लोंबतं. काटा वर गेला, थरथरला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि थांबला. सगळ्या बाजारानं तो आकडा बघितला. त्यांच्या तोंडातून रक्त बारदानावर गळत होतं. मी साखळी पुन्हा उचलली होती. आक्कानं माझा हात धरला. कपाळातून रक्त गळत असताना ती म्हणाली, "बास. भरला."

म्हातारीनं मागून विचारलं, "अप्पा, किती?" अप्पानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या.

या खेपेला जमादारानं जिल्हा विचारला नाही. मी आत गेलो. मशीन मुद्देमाल म्हणून जप्त झालं. तारखेला नेताना मला ते ठाण्याच्या आवारात दिसायचं. शिपाई त्याच्यावर उभे राहून वजन करायचे आणि एकमेकांच्या पोटावर चापट मारायचे. फुकट.

दाजी जगले. जबडा वाकडा राहिला, बोललेलं कळायचं नाही. त्यांच्या धंद्याला बोलण्याची गरज नव्हतीच. ते पुन्हा रुमाल टाकून बसले, पण बैलांच्या बाजारात. शेळ्यांचा बाजार हातचा गेला, कारण मशीन जप्त झालं तशी आक्कानं अप्पाच्या ओट्यासमोरच्या लिंबाला टांगायचा काटा अडकवला होता. शेळी झोळीत घालून लटकवायची, आकडा ओरडायची. त्या घरी ती पुन्हा गेली नाही. मी सुटून आलो तेव्हा तिनं मला भाकर वाढली आणि म्हणाली, "हितं आता माझा धंदा हाय. तू दुसरीकडं बघ."

खटला मिटल्यावर मशीन परत मिळालं. गंजलेलं होतं. मी ते लातूरच्या स्टँडावर नेलं, नवी काच बसवली, नाण्याची कळ नवी केली. दाजी म्हणाले होते ते खरंच होतं, तिथं पोटं सुटलेले लोक लई होते. बरीच वर्षं चाललं. मग दिव्यांची, बोलणारी मशीनं आली आणि माझं पुन्हा भंगारात गेलं. बापाला शेवटपर्यंत वाटत होतं की दावं दिलं म्हणून सगळं झालं. मला पस्तावा नाही, दाव्याचा नाही, कुलपाचा तर नाहीच.

आक्का आता माझ्याकडंच असते. थंडीत बोट ठणकायला लागलं की तीच तेल कोमट करून चोळते. काल चोळता चोळता म्हणाली, "मोडलं तवा वरडला कामून न्हाईस रे? अप्पा समोरच बसला होता. धावला असता."

मी म्हणालो, "रुमालावर कप होता. सांडला असता."

तिनं बोट जरा जोरात दाबलं. "खुळ्या," म्हणाली, आणि चोळत राहिली.